लाल दोऱ्याचं पातेलं

ता. २ डिसेंबर

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे दादाच्या फोनवरून आईला कळलं. आईने मलाही फोन दिला होता. पण तिकडून दादा हॅलो हॅलो करत राहिला आणि माझ्या घशातून काही निघेना, मग त्याला वाटलं लाइन गेली, त्याने ठेवून दिला. म्हणून पत्र लिहिते. कागदावर मला बरं जमतं. शाळेत उभं राहून वाच म्हटलं की माझी दातखीळ बसायची, वही मात्र भरून जायची. नववीत घरी बसले तेव्हा तुम्हीच तर मला बाइंडिंगच्या कारखान्यात घेऊन आलात.

कारखान्यात सगळं ठीक. तुम्ही रिटायर झाल्यापासून तुमच्या खिडकीजवळच्या टेबलावर मी बसते. घडी दाबायची तुमची हाडाची पट्टी मी कुणाला हात लावू देत नाही. सध्या एका वकिलाची चाळीस जाडजूड पुस्तकं आलीत, सगळ्यांच्या पाठी सुटलेल्या. शिलाई माझ्याकडे आहे. बोटांना भोकं पडलीत पण मजा येते.

आता खरी गोष्ट सांगते. सोमवारी चहाच्या वेळी मालकीणबाईंनी सगळ्यांना लांब खोलीत बोलावलं. म्हणाल्या, वर्षअखेरची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला दुपारी, नेहमीसारखं सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं. फक्त या वर्षी गरम रम पंच नाही, कारण करणारा माणूस गेला गावाला. सरबताच्या बाटल्या आणू. हे ऐकून लोकांची तोंडं अशी उतरली की जणू पगारच बंद झाला. मग कटरकाका बोलले. त्यांचं कापायचं मशीन आणि जीभ दोन्ही सारखीच चालतात, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, ही मुलगी दोन वर्षं मामाच्या शेजारी पातेल्यापाशी उभी होती, हिला सगळं येतं. मालकीणबाईंनी मला विचारलं, जमेल का. मी गप्प. आता माझं नाही म्हणजेही गप्प आणि हो म्हणजेही गप्प. त्यांनी हो धरलं आणि पातेल्याच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

मामा, मला काही येत नाही. तुम्ही मला पातेल्याजवळ बोलवायचात आणि विचारायचात, मैना, आता कसला वास येतोय? मी सांगायचे, लवंग पुढे आली, किंवा संत्रं हरवलं. मग तुम्ही काहीतरी घालायचात. पण काय आणि किती, ते मी कधी पाहिलंच नाही. माझे डोळे मिटलेले असायचे. रम किती, साखर किती, मसाला कधी टाकायचा, एवढं कळवा. साठ माणसं येणार आहेत.

आईचा नमस्कार. मामीला माझा सांगा. माझ्यावर माया आहे तेवढीच ठेवा, पंच बिघडला तरी.

तुमची,
मैना

---

ता. ६ डिसेंबर

चि. मैना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामांना महिनाभर वाचायला बंदी आहे, काळा चष्मा लावून बसलेत, दिसतात सिनेमातल्या गुंडासारखे. तेव्हा पत्रं मीच वाचून दाखवते. तुझंही दाखवलं. पण सगळं नाही. वकिलाची पुस्तकं वाचली, हाडाची पट्टी वाचली, आणि पुढचं सोडून थेट आईच्या नमस्कारावर आले. का ते सांगते. तू आता मोठी झालीस, अठरा पूर्ण झाली, तुला सांगायला हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या पंचाच्या दिवशी तुझे मामा कारखान्याच्या जिन्यावरून पडले हे तुला माहीत आहे. पाय घसरला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पाय घसरला नव्हता. सकाळपासून पातेल्यातून चाखणं चाललं होतं. आधी चमच्याने, मग वाटीने. गळ्याजवळचं हाड मोडलं. त्यांना कागद वाहायच्या ढकलगाडीवर झोपवून मी आणि कटरकाकांनी दवाखान्यात नेलं. रस्त्यात लोक बघत होते आणि हे गाडीवर पडल्या पडल्या त्यांना नमस्कार करत होते. मी हसले नाही. डॉक्टरांनी पोट तपासून सांगितलं, आता एक थेंबही नको. तरी सोडायला पुढचा एप्रिल उजाडला. तीन एप्रिलला सोडली. या तीन तारखेला दोन वर्षं आठ महिने झाले. मी रोज मोजते, त्यांना सांगत नाही.

मधल्या दोन डिसेंबरात त्यांनी पंच केला, तेव्हा मी घरी देव पाण्यात घालून बसले होते. संध्याकाळी आल्यावर मी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. आता रिटायर झाले, ते पातेलं सुटलं, तर मला कुठे जरा श्वास आला. तू रम किती म्हणून विचारलंस की ते डोळे मिटून सगळं पुन्हा डोक्यात करून बघणार. तो वास पुन्हा नाकात बसणार. म्हणून बाळा, त्यांना विचारू नकोस. दुसऱ्या कुणाला विचार, नाहीतर मालकीणबाईंना सांग जमत नाही. बोलता येत नसेल तर चिठ्ठी दे.

रागावू नकोस. तुझ्यावर माझा जीव आहे, म्हणूनच सांगता आलं.

तुझी,
मामी

---

ता. १० डिसेंबर

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला ढकलगाडीचं माहीत नव्हतं. आता कारखान्यात ती गाडी दिसली की मी दुसऱ्या बाजूने जाते.

मामांना नाही विचारणार. शप्पथ. मालकीणबाईंना द्यायला चिठ्ठीही लिहिली होती. ती घेऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले तर आत त्या कटरकाकांना सांगत होत्या की हिने गप्प राहून हो म्हटलं, पण म्हटलं तरी. मग ती चिठ्ठी खिशातच राहिली. धुण्यात गेली.

म्हणून मी स्वतःच करून बघायचं ठरवलं. लहान पातेल्यात, रम न घालता. बाटल्या मालकीणबाईंच्या कुलपात आहेत आणि मला त्या आत्ताच हव्यात कशाला. कोरा चहा, संत्र्याचा रस, लिंबू, साखर घेतली. दालचिनी, लवंग आणि आल्याचा तुकडा कापडात बांधला. मामा मसाल्याची पुरचुंडी बांधून सोडायचे एवढं मला आठवत होतं. कापड आमचंच घेतलं, पुस्तकाच्या पाठीला चिकटवतो ती जाळीची मलमल. तीच ते घ्यायचे, गाठ मारताना मी पाहिलंय. आणि आम्ही सरस वितळवतो तसं, एका पातेल्यात पाणी आणि त्याच्या आत दुसरं पातेलं, असं ठेवून तापवलं. पंचाचं पातेलं वेगळं आहे हां, घाबरू नकोस. सरसाचं आणि पंचाचं दिसायला जुळे भाऊ, पण पंचाच्या कानाला लाल दोरा बांधलाय मामांनी, म्हणजे कुणी अदलाबदल करू नये.

वास छान सुटला. पण थोड्या वेळाने बघते तर सगळं गढूळ. ढवळलं तर घट्ट. चमच्याला चिकटून लोंबायला लागलं. कटरकाकांनी बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, वा, याने वकिलाची चाळीस पुस्तकं चिकटतील आणि वर वकील चाटत बसेल. दोन दिवस सगळे मला विचारतायत, खळ तयार आहे का.

अजून अठरा दिवस आहेत. काहीतरी सुचेल. तू काळजी करू नकोस आणि मोजत राहा. मी पण मोजते आता.

माझ्यावरचा लोभ घट्ट असू दे, पण त्या पंचाइतका नको.

तुझी,
मैना

---

ता. १४ डिसेंबर

चि. मैना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

घाईत लिहिते, हे खाली नातवाला घेऊन गेलेत.

मैना, माझा जीव थाऱ्यावर नाही. गेला आठवडाभर मी सकाळी बाजारातून आले की स्वयंपाकघरात लवंगेचा वास असतो. संत्र्याच्या साली कचऱ्यात खाली दाबून ठेवलेल्या असतात. विचारलं तर म्हणतात, खोकला आहे, काढा केला. त्यांना खोकला नाही. सूनबाई म्हणते, बाबांनी मला जायफळ कुठे आहे विचारलं. आणि काल मी बुटाच्या कपाटात पॉलिशची डबी शोधत होते, तर मागे जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली रमची बाटली सापडली. अर्धी भरलेली. आतला रंग तोच, लालसर काळा.

मी ती होती तशी ठेवली. झाकण उघडायला हात झाला नाही. उघडलं आणि तो वास आला तर मग काय करायचं? आत्ता निदान माहीत नाही. कालपासून मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही आणि ते विचारतायत काय झालं. मुलाला सांगितलं तर तो चिडेल, घरात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तुझ्या आईला सांगू नकोस. भावाच्या बाबतीत ती लगेच रडते.

तुझ्या पत्रातलं पंचाचं मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं, तरी हे कसं झालं? माझंच चुकलं का गं. डिसेंबर आला की त्यांचं शरीरच त्यांना आठवण करून देत असेल.

तुला हे का लिहिते तेही कळत नाही. तू लहान आहेस. पण दुसरं कुणी नाही जिला सांगितलं आणि ती गप्प राहील.

तुझी,
मामी

---

ता. १७ डिसेंबर

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता जेवणाच्या सुट्टीत मिळालं, आत्ताच उत्तर लिहिते आणि आत्ताच टाकणार. मी गप्प राहायला बरी आहे, पण आज बोलते.

मामी, त्या दोन वर्षांत मामांनी थेंब तोंडात घेतला नाही. हे मी सांगू शकते कारण मी सगळा वेळ तिथेच होते. पहिल्या वर्षी मला वाटलं, हे चाखून का बघत नाहीत? घरी आई आमटी चाखते. पण ते चमचा पातेल्यात घालायचे, ढवळायचे, आणि चमचा काढून ताटलीत पालथा ठेवायचे. दर वेळी पालथा. मग मला हाक मारायचे. मैना, नाक आण इकडे. मी वास घ्यायचे आणि सांगायचे. कटरकाकांनी एकदा वाटी पुढे केली तर त्यांना म्हणाले, माझ्याकडे चाखणारी आहे. ती चाखणारी मी. तेव्हा मला वाटलं, ते मला शिकवतायत. माझं कौतुक करतायत. तुझं पत्र वाचल्यावर कळलं की तसं नव्हतं. लोकांना वाढून झाल्यावर त्यांनी स्वतःचा कप माझ्यासमोर कोऱ्या चहाचा भरला. दोन्ही वर्षी. मी पाहिलंय.

जो माणूस साठ माणसांच्या पातेल्यासमोर उभा राहून प्यायला नाही, तो बुटाच्या कपाटात लपून का पिईल? पीत असेलही. मला माहीत नाही. मी शाळा सोडलेली मुलगी आहे. पण तुलाही माहीत नाही. तू न उघडता रोज रडतेस.

मी कधी कुणाला हे कर ते कर म्हटलेलं नाही. तुला म्हणते. झाकण उघड आणि वास घे. चाखायचं नाही, नुसता वास. रम असेल तर नाकात आधी जाळ होतो, मग गुळासारखं काहीतरी येतं. ते नसेल तर नाही. नाक खोटं सांगत नाही, मामा हेच म्हणायचे. काय निघेल ते मला लिही. वाईट निघालं तर मी येते. मालकीणबाईंना सांगेन. तोंडाने सांगेन.

पंच राहू दे, सरबत पिऊ.

तुझी,
मैना

---

ता. २१ डिसेंबर

चि. मैना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे कारण नवा चष्मा कालच मिळाला आणि अजून माझी आणि त्याची ओळख व्हायची आहे. परवा संध्याकाळी तुझ्या मामीने तुझी सगळी पत्रं मला वाचून दाखवली. गिळलेला मजकूरसुद्धा. पहिलं पत्र तिने वाचलं त्या दिवशीच मला कळलं होतं की मधलं पान सुटलंय. शिलाईतला एक टाका सुटला तर पुस्तक हातात घेतल्या घेतल्या मला कळतं, आणि ही बत्तीस वर्षं माझ्यासमोर बोलते आहे.

आता ऐक. परवा मी खुर्चीत बसलो होतो, तर ही बाटली घेऊन आली. हात लांब करून, उंदराची शेपटी धरावी तशी. माझ्यासमोर उभी राहिली, झाकण फिरवलं, डोळे मिटले आणि नाक लावलं. मग पुन्हा लावलं. मग तिथेच बुटाच्या स्टुलावर बसली. म्हणाली, चहा आहे. मी म्हटलं, हो. मग तिने अर्धी बाटली पिऊन टाकली आणि मला सांगितलं की साखर जास्त झालीय. त्यानंतर रडली, आणि मग मला जे काही बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सूनबाईने दार लावून घेतलं.

झालं असं की डिसेंबर लागला तेव्हा मला माहीत होतं, मालकीणबाई तुलाच सांगणार आणि तू गप्प राहून हो म्हणणार. तुला मापं लिहून पाठवावीत असं मनात होतं. पण माझी मापं डोक्यात नाहीत, हातात आहेत. रम बाटलीच्या खांद्यापर्यंत, लिंबू बुडावर दोन बोटं, असं. त्याला बाटली हवीच. भंगारवाल्याकडून रिकामी आणली, तीन पाण्यांनी धुतली, आणि रमच्या जागी कोरा चहा भरून रोज सकाळी मोजत बसलो. मामीपासून लपवलं, कारण तिने बाटली पाहिली असती तर काय वाटलं असतं ते मला माहीत होतं. लपवल्याने तेच वाटलं, आणि वर आठ दिवस जास्त वाटलं. मूर्खपणा माझा. तो मी कबूल केला आहे, दोनदा.

घे मापं. एका बाटली रमला दोन बाटल्या कोरा चहा, एक बाटली संत्र्याचा रस, लिंबाचा रस बुडावर दोन बोटं, साखर दोन वाट्या. संत्र्याच्या साली आदल्या दिवशी साखरेत चुरून ठेव, साखर ओली होईल, तोच खरा वास. मसाला तू म्हणतेस तोच, वरून जायफळ किसून. पाण्यातल्या पातेल्यात तापव, सरसासारखंच. उकळी आली की सरसही मेला आणि पंचही. रम सगळ्यात शेवटी, पातेलं खाली उतरवल्यावर.

आणि तुझी खळ. अगं, आपली जाळी खळीत बुडवून कडक केलेली असते, म्हणून तर ती पाठीला नीट बसते. मसाला बांधायच्या आधी गरम पाण्यात धुवायची असते, त्या पाण्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. मी सकाळी सगळे यायच्या आत धुवायचो, म्हणून तू पाहिलं नाहीस. ज्या वर्षी पहिल्यांदा पंच केला त्या वर्षी मीही साठ माणसांना खळ पाजली होती. कुणी तक्रार केली नाही. तेव्हा मालक होते.

एक गोष्ट उरली. तू लिहिलंस की मामा शिकवतायत असं वाटलं. मैना, मी शिकवत नव्हतो. पहिल्या वर्षी चमचा पातेल्यातून बाहेर काढला तेव्हा तो माझ्या तोंडापासून एक वीत लांब होता. हात आपोआप वर येत होता. तू खिडकीपाशी दोरा ओवत बसली होतीस. मी तुला हाक मारली, कारण तू समोर असताना मला तो चमचा तोंडात घालता आला नसता. एवढंच. मग विचारलं काय वास येतो, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. आणि तू डोळे मिटून असं बरोबर सांगितलंस की मला आश्चर्य वाटलं. त्या दोन्ही वर्षी पंच तूच केलास. मी हमाल होतो. तेव्हा येत नाही असं पुन्हा लिहू नकोस.

अठ्ठावीसला चारच्या ठोक्याला तू झाकण काढशील. इथे मीही काढीन, चहाचं.

तुझ्या नाकाला आशीर्वाद, बाकी तुलाही.

तुझा,
मामा

---

ता. २९ डिसेंबर

ती. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. आज सुट्टीचा पहिला दिवस. मी दहा वाजेपर्यंत झोपले आणि आईने उठवलं नाही.

तुमचं पत्र चोवीस तारखेला आलं. मी ते कारखान्याच्या जिन्यावर बसून वाचलं. चहा आहे इथपर्यंत आले आणि मला हसू यायला लागलं, थांबेचना. कटरकाका वर येत होते, त्यांना वाटलं मला फिट आली. त्यांना सांगता येईना म्हणून मी मान हलवली, तर ते पाणी आणायला पळाले. मामी, तू बाटली उघडलीस. मला अजून खरं वाटत नाही.

जाळी तीनदा धुतली. तिसऱ्या पाण्यात माझं तोंड दिसलं, केस विस्कटलेले. लाल दोऱ्याचं पातेलं घासून आतून आरशासारखं केलं. मग मला एक सुचलं ते मी मालकीणबाईंना न विचारता केलं. शेजारी दुसरं पातेलं ठेवलं, त्याला पांढरा दोरा बांधला, आणि त्यात सगळं तेच, फक्त रमच्या जागी चहा. म्हटलं, मामांसारखं कुणीतरी या साठांतही असेल जो सांगत नाही.

बरोबर चारला झाकणं काढली. लांब खोलीत असा वास भरला की पोरं खेळायची थांबली. मग मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, दोन पातेली कशासाठी? साठ माणसं माझ्याकडे बघत होती. तेव्हा मामा, मी पातेल्यावर वाकले आणि वास घेतला. कशासाठी ते माहीत नाही. तुम्ही विचारल्यासारखं वाटलं. आणि वर होऊन सांगितलं की लाल दोऱ्यात रम आहे, पांढऱ्यात नाही, ज्याला जे हवं ते घ्या, चव एकच आहे. एवढी चार वाक्यं. आवाज थोडा चिरकला पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. आई तिथे बसली होती, ती सांगते.

पांढरं पातेलं आधी संपलं. कोणी कोणी घेतलं ते मी लिहीत नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त होते. मालकीणबाईंनीही तेच घेतलं, दोनदा.

आणि कटरकाका. त्यांनी आल्या आल्या मोठ्याने सांगितलं की रमचा वास मला गल्लीच्या टोकावरून येतो, मला दोरे बघायची गरज नाही. तीन कप घेतले. मग गाणं म्हटलं. मग मालकीणबाईंना बहीण म्हणून हाक मारली आणि भिंत धरून चालायला लागले. त्यांच्या बायकोने ढकलगाडी आणा असं सांगितलं. तेव्हा मी त्यांच्या कानात सांगितलं की काका, तुम्ही तिन्ही कप पांढऱ्यातले घेतलेत. ते सरळ उभे राहिले. मी गप्प बसेन असं मी त्यांना सांगितलंय आणि मी बसले आहे, हे पत्र सोडून. आजपासून माझी खळ कुणी काढणार नाही.

चमचा मी पालथाच ठेवला. सवय लागली.

तिकडचं कळवा. चारला काय झालं ते सगळं. तुमचा दोघांचा लोभ मला पोचतो आहे, असाच टपालाने येऊ दे.

तुमची,
मैना

---

ता. ३ जानेवारी

चि. मैना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र यांनी स्वतः वाचलं, नव्या चष्म्याने, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. कटरकाकांचं तीनदा वाचलं. सूनबाई खुर्चीतून पडायची राहिली. तू साठ माणसांत बोललीस तिथे मात्र यांनी पत्र माझ्या हातात दिलं. तेवढं मी वाचलं.

इथलं सांगते. अठ्ठावीसला यांनी साडेतीनपासून पातेलं मांडलं. मी बाजारात गेले नाही. मुलगा, सूनबाई, नातू, सगळे स्वयंपाकघराच्या दारात. बाटली ओट्यावर उघडी होती, मफलर धुऊन दोरीवर वाळत होता. घड्याळात चार झाले तसं यांनी झाकण काढलं, ढवळलं, आणि चमचा ताटलीत पालथा ठेवायला गेले. मग थांबले. चमचा माझ्या हातात दिला आणि मला विचारलं, कसला वास येतोय.

बत्तीस वर्षांत असं काही मला कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. म्हटलं, लवंग पुढे आहे. त्यांनी संत्र्याचा रस घातला. म्हटलं, आता आलं हरवलं. त्यांनी आलं ठेचून टाकलं. असं मी सांगत गेले आणि ते घालत गेले, पातेलं काठोकाठ भरेपर्यंत. पाच माणसांत बारा कप झाले. शेजाऱ्यांना वाटले.

आज तीन तारीख. दोन वर्षं नऊ महिने झाले. सकाळी मी ते त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना आश्चर्य वाटेल की मी मोजते. ते म्हणाले, आणि एक दिवस. सोडली तो पहिला दिवस मी धरत नव्हते. ते धरत होते.

आता दोघं मिळून मोजतो, म्हणजे चूक व्हायची नाही. तू तिकडे शिवत राहा, इकडे आम्हाला लिहीत राहा, आणि अधूनमधून बोलतही जा.

तुझी,
मामी